इलेक्ट्रिकलला रिटर्न नाही

स्पेअर पार्टच्या दुकानात पार्ट परत करायला आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. विकत घ्यायला आलेला काउंटरच्या मधोमध उभा असतो. हातात फोन, फोनमध्ये मेकॅनिकने गाडीखाली आडवं पडून काढलेला हललेला फोटो आणि आवाजात घाई. परत करायला आलेला मात्र काउंटरच्या टोकाला, कूलंटचे कॅन रचलेले असतात तिथे, जरा अंग चोरून उभा राहतो. खोका त्याने दोन्ही हातांनी धरलेला असतो, कोर्टात हजर करायचा मुद्देमाल धरावा तसा. गर्दी ओसरेपर्यंत तो थांबतो. हा विषय चारचौघांत काढला तर दुकानाची अब्रू जाईल असं त्याला वाटत असतं. दुकानाला तसं काही वाटत नाही. तो पायरी चढत होता तेव्हाच दुकानाने त्याला पाहिलेलं असतं, खोका आपल्या कोणत्या फळीवरून गेलेला आहे हेही ओळखलेलं असतं, आणि म्हणूनच शेठ इतका वेळ मान वर करत नाहीत.

पुण्यात ही दुकानं नाना पेठेत दाटीवाटीने उभी आहेत. रस्त्यावरून पाहावं तर दारापुरती रुंदी, आणि आत डोकावलं की खोली संपत नाही. छतापर्यंत खोके. बाहेर खिळ्यांना बंपर आणि फेंडर लटकलेले, एखाद्या गाडीने अंगरखा काढून ठेवावा आणि घालायचं विसरून निघून जावं तसे. शिडीवर कायम एक पोरगा चढलेला असतो. तो खाली कधी उतरतो, जेवतो कधी, हे मला आजवर कळलेलं नाही. गाडीचं नाव आणि साल सांगितलं की शेठ वही न उघडता वर एक हाक टाकतात आणि वरून नेमका तोच खोका खाली येतो. त्याआधी एकच प्रश्न असतो : “कंपनीचा देऊ, ओईएम देऊ, का लोकल?” कंपनीचा म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या खोक्यातला, होलोग्राम चिकटवलेला. ओईएम म्हणजे गाडी बनवणाऱ्याला जो पार्ट पुरवतो त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातला. वस्तू बहुतेक वेळा तीच, खोका तेवढा साधा. आणि लोकल म्हणजे ज्याबद्दल दोन्ही पक्षांनी नंतर काही बोलायचं नसतं. मी नेहमी मधला मागतो. आयुष्यात बहुतेक गोष्टी मी ह्याच बेताने घेतल्या आहेत आणि फार तक्रार नाही.

पैसे फोनवरून दिले की काउंटरवरची ती इवलीशी पेटी किती रुपये आले ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. ह्या पेटीच्या स्वभावाची मला मोठी मौज वाटते. आलेल्या पैशांची ती दवंडी पिटते. परत गेलेल्या पैशांबद्दल तिच्या तोंडून एक अक्षर निघालेलं मी कधी ऐकलं नाही.

शेठच्या डोक्यामागे, देवाच्या तसबिरीच्या जरा खाली, पाटी असते : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिच्याखाली स्केच पेनाने लिहिलेली दुसरी : इलेक्ट्रिकलला रिटर्न नाही. पहिली पाटी छापील असल्यामुळे तिच्याबद्दल बोलणी होऊ शकतात. दुसरी हाताने लिहिलेली आहे, म्हणजे अनुभवातून आलेली आहे, तिथे बोलणी नाहीत. गंमत अशी की ग्राहकाने ताठ मानेने उभं राहावं म्हणून जी चळवळ झाली तिचं एक मोठं घर ह्याच शहरातलं. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरायची. हे वाचून मला एकदा फार बळ आलं होतं. पण कायदा बोलतो तो सदोष मालाबद्दल, आणि गाडीच्या पार्टची खरी दुःखं निराळीच असतात. पार्ट उत्तम असतो. गाडीही चांगली असते. दोष असतो तो दोघांच्या भेटीत, आणि त्या भेटीवर कोणाचाच होलोग्राम नसतो.

ह्याच बाजारात मेलेल्या बॅटरीचं मात्र कोण कौतुक! चार वर्षं वापरून, पाणी घालून, शेजाऱ्याच्या गाडीला वायर लावून जगवलेली आणि अखेर कायमची थंडावलेली बॅटरी घेऊन जा. दुकानदार ती हसतमुखाने उचलतो, आकार बघतो, आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे कमी करतो. आतल्या शिशाला मोल आहे, आणि विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी असा नियम २००१ मध्येच आला होता. म्हणजे पूर्ण वापरून संपवलेली वस्तू सन्मानाने परत जाते, आणि पिशवीतून बाहेरही न काढलेला कोरा पार्ट दारातच अडतो. माणसांच्या बाबतीतही हा बाजार असाच वागतो का, असा विचार निवृत्त मंडळींच्या मनात येऊ शकेल. मी तो पुढे नेत नाही.

इलेक्ट्रिकलची पाटी का लागली हे मला एका दुपारी दुकान रिकामं असताना शेठनीच समजावून सांगितलं. पूर्वी मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकून निदान करायचा. बॉनेटला कान लावायचा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा. आता गाडीत सेन्सर आले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, तो काहीतरी बिनसलंय एवढंच सांगतो. मोठ्या वर्कशॉपात स्कॅनर असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजात “लावून बघू” असतं. ऑक्सिजन सेन्सर आणा, लावून बघू. दिवा गेला तर ठीक, नाही गेला तर तो परत द्या, दुसरा आणा, तोही लावून बघू. ह्या पद्धतीने एकेक सेन्सर आठवडाभर गावातल्या गाड्यांमधून फिरून यायचा, सार्वजनिक वाचनालयातली कादंबरी घरोघर फिरून यावी तसा. कडा मळलेल्या, मधलं पान दुमडलेलं. एखाद्या गाडीच्या वायरिंगमध्ये गोंधळ असला तर तो नवा सेन्सर तिथेच जळायचा आणि वरून धडधाकट दिसत खोक्यात परत यायचा. मग तो ज्याला विकला जायचा तो बिचारा खरा गिऱ्हाईक, त्याचा दिवा काही केल्या जायचा नाही. “तेव्हा पाटी लावली,” शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. न सांगता बदली झालेल्या ग्रंथपालाची खंत होती.

ह्यातली कोंडी मला फार सुरेख वाटते. पार्ट बरोबर आहे की नाही हे लावल्याशिवाय कळत नाही, आणि लावला की तो वापरलेला ठरतो. न लावता परत करावा तर शेठ विचारतात, लावून तरी बघितलात का? लावून परत करावा तर त्यांचं बोट बोल्टच्या भोकाकडे जातं, तिथे स्पॅनरचा बारीकसा ओरखडा असतो. त्या ओरखड्याकडे आम्ही दोघं काही क्षण बघतो. त्याला नाकारता येत नाही. अनुभववाद्याने अनुभवाचा हट्ट धरावा आणि अनुभव घेताच त्याला साक्षीदार म्हणून अपात्र ठरवावं, तसा काहीसा हा प्रकार.

बरं, पार्ट न बसण्याची कारणं तरी किती! भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत लागू झाले. त्या यादीत मुंबई होती, पुणे होतं आणि सोलापूरही होतं. सोलापूरकरांनी ह्याचा पुरेसा अभिमान बाळगला नाही असं मला वाटतं. बाकी देशात स्टेज तीन, आणि सगळीकडे चार व्हायला २०१७ उजाडलं. म्हणजे मधल्या वर्षांत एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांचं बॉनेटखालचं गणित निराळं असू शकायचं. एक पुण्याची, दुसरी घाट उतरून गेलेली. म्हणून जाणता दुकानदार नाव-साल ऐकून घेतो आणि शेवटी चासी नंबर मागतो. १७ अक्षरं आणि आकडे. तो नंबर फोनवर वाचून दाखवताना, “बी, बॉम्बेवाला… नाही, डी, डोंबिवलीचा,” असं करत माणूस ज्या टोकाला पोचतो तिथे त्याला आपलं स्वतःचं नावही नीट सांगता येत नाही.

मला मिळालेला रेडिएटरचा होज असाच होता. नाव तेच, साल तेच, पण वळण पाव इंच अलीकडे. तो घेऊन मी नाना पेठेत कॅनपाशी उभा राहिलो. गर्दी ओसरली. शेठनी होज हातात घेतला, वळणावरून अंगठा फिरवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “साहेब, तुमचं बरोबर आहे. हा तुमच्या गाडीचा नाहीच.”

इतक्या झटकन कोणी आपलं म्हणणं मान्य करावं ह्याची मला सवय नाही. घरी तर नाहीच. मी मनातल्या मनात तयार केलेली तीन-चार वाक्यं तशीच राहिली. “मग?” मी म्हटलं.

“मग काय, ठेवा. तुमच्या गाडीला बसायचा तो दुसरा येईल उद्या-परवा. नाहीतर दुसरं काहीतरी घेऊन जा ना, अ‍ॅडजस्ट करू.”

“पैसे…”

“पैसे कुठे पळून जातात, साहेब? आत्ता भवानी व्हायचीय.”

दुपारचे बारा वाजून गेले होते. भवानी व्हायची असेल तर ती दुसऱ्या कोणत्या तरी गोलार्धात. पण गल्ल्यातून गिऱ्हाइकाकडे नोट जाणं ही त्या काउंटरवर अशी काही अनैसर्गिक घटना होती की तिचं नाव काढणंही मला बरं वाटेना. नदीला उलटं वाहायला कसं सांगावं? शेठनी बिलाच्या मागे रक्कम लिहिली, खाली “जमा” असं लफ्फेदार लिहिलं आणि सही केली. त्यात मग वायपरची जोडी आली, एक कूलंटचा कॅन आला, आणि उरलेल्यात हिरव्या रंगाचं एक सुगंधी झाड आलं, जे आरशाला लटकवलं की गाडीला पावसाळ्यातल्या औषधाच्या दुकानाचा वास येतो. होजची सगळी रक्कम अशी हळूहळू माझ्या गाडीत शिरली, पण रुपयांच्या रूपात एकदाही नाही. रीतसर क्रेडिट नोट मागितली असती तर मिळाली असती म्हणा. मोठ्या दुकानांतून मिळतेही. पार्टवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी बहुतेकांवर २८ होता. तेव्हा आधी घेतलेला पार्ट कोणी नंतर परत आणला की हिशेब जुन्याच दराने फिरवावा लागायचा, आणि शेठच्या अकाउंटंटच्या चेहऱ्यावर पंचांगात क्षयतिथी लागल्यासारखा भाव यायचा.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या पार्टच्या दुकानांबद्दल तो सांगतो ते ऐकून माझी बहीण त्याला दृष्ट लागेल म्हणून मध्येच गप्प करते. अल्टरनेटर घेताना तिथे किमतीवर एक जादा रक्कम भरतात. जुना अल्टरनेटर नेऊन दिला की ती परत. अवघड हत्यार लागलं तर दुकान ते उसनं देतं. अनामत भरायची, काम झालं की हत्यार धुऊन-पुसून परत द्यायचं, अनामत पूर्ण हातात. कारणही कोणी विचारत नाही, असं तो म्हणतो. फक्त त्याच्या गावातल्या एका दुकानात काउंटरवर एक पाटी आहे म्हणे. इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतले जाणार नाहीत. हे त्याने सांगितलं तेव्हा मला जगाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

कारण न विचारणारी दुकानं आता आपल्याकडेही फोनमध्ये आली आहेत. माझ्या गाडीचा बाजूचा आरसा एका रिक्षेने जाता जाता नेला, तेव्हा मी तो तिथून मागवला. मेकॅनिक म्हणाला होता “क्लीनर साइडचा.” फोन म्हणत होता “एलएच.” ह्या दोन भाषांचा मेळ घालताना मला लहानपणचा एक वाद आठवला. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कोणाच्या उजवीकडे सोंड वळलेला, बघणाऱ्याच्या की देवाच्या? आजी ठामपणे सांगायची, देवाच्या. आपण कोण उजवं-डावं ठरवणारे? गाडीचंही तसंच आहे. तिच्यासमोर उभं राहून आपण काहीही ठरवू, तिचं डावं ते तिचंच डावं, ड्रायव्हरच्या जागी बसल्यावर जे कळतं ते. मी आजीचा नियम पाळला आणि अगदी बरोबर मागवला. खोक्यावरही बरोबर तेच छापलेलं होतं. आत मात्र उजवा आरसा होता. त्याच्या पाठीवर पुसट बोटांचे ठसे होते, प्लास्टिकची पिशवी एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली होती. माझ्या आधी हा कोणाकडे तरी गेला होता, तिथून परत आला होता, आणि त्या येण्या-जाण्यात कुठेतरी दोन खोक्यांनी आपापली माणसं बदलून घेतली होती.

परत करण्यासाठी फोनने कारणांची यादी पुढे केली. वस्तू खराब आली. वस्तू आवडली नाही. दुसरीकडे स्वस्त मिळाली. विचार बदलला. माझं कारण त्यात नव्हतं, तेव्हा त्यातल्या त्यात सभ्य वाटलं ते निवडलं. न्यायला आलेला पोरगा घाईत होता, पण वाईट नव्हता. त्याने खोका उघडला, त्याच्या फोनमधल्या चित्राशी आरसा ताडून पाहिला, आणि मग, आरसाच तो, क्षणभर त्यात स्वतःकडे बघून कपाळावरचे केस सारखे केले. “काका, ह्यात तर काही प्रॉब्लेम दिसत नाही,” तो म्हणाला. मी त्याला देवाची उजवी बाजू समजावून सांगायला लागलो, तर त्याने मान हलवली, पावतीचा मेसेज पाठवला आणि जिना उतरला. पैसे आले. ठरलेल्या मुदतीच्या आत, पूर्ण, पैन् पै. कोणीही माझं ऐकून घेतलं नाही, कोणी मला खरं म्हटलं नाही, खोटंही म्हटलं नाही. मला वाटतं, तो आरसा पुन्हा डाव्याच खोक्यात पडला असेल आणि आता आणखी कोणाकडे तरी निघाला असेल. त्या होजच्या वेळी शेठनी माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला आणि पैसे दिले नाहीत. इथे पैसे दिले आणि विश्वासाचा प्रश्नच निघाला नाही. ह्या दोहोंत डावं-उजवं करायचं झालं तर माझा कौल, थोडा नाइलाजाने, होजकडे जातो. वायपर अजून चांगले चालतात हेही आहेच.

आमचे अण्णा कधी काही परत करत नसत. मुंबईला त्यांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगशेजारी. तिच्यासाठी ते ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत जात आणि पार्ट घेऊन येत. त्यातला एखादा बसत नसे. आई म्हणायची, परत द्या की. अण्णा म्हणायचे, असू दे, लागेल कधीतरी. तो विक्रेता म्हातारा होता, ओळखीचा होता, त्याने प्रेमाने हुडकून दिलेला पार्ट त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा म्हणजे त्याच्या ज्ञानावर बोट ठेवायचं. हे त्यांच्याने होत नसे. न बसलेले सगळे पार्ट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. पॉइंट, कंडेन्सर, रेग्युलेटर, फ्यूएल पंपाचा डायफ्रॅम, प्रत्येक कागदात गुंडाळलेला आणि वर अण्णांच्या बारीक अक्षरात कुठून, कशासाठी घेतला ते लिहिलेलं. काहींवर “बसला नाही” एवढंच. कोणाचीही चूक काढायची नाही अशा बेताने लिहिलेलं ते वाक्य आहे.

पद्मिनी पुढे विकली, अण्णा गेले, डबा माझ्याकडे आला. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो बघून मी डबा खाली काढला होता. गेल्या वर्षी ओळखीतून एक तरुण आला. त्याने जुनी पद्मिनी घेतली होती आणि ती पूर्वीसारखी करायच्या नादात तो गावोगाव फिरत होता. डबा उघडल्यावर तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एकेक पुडी उलगडून, वरचं अक्षर वाचून, पुन्हा तशीच गुंडाळत गेला. मी पैसे नको म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही, निघताना काही नोटा टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली सरकवून गेला. अण्णांचे पैसे असे, तिसऱ्याच वाटेने, निदान घरी तरी आले असं म्हणून मी ते कपाटात ठेवले.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाजात कॅनपाशी उभं राहिल्यासारखा संकोच.

“काका, एक विचारायचं होतं. रागावू नका. तो रेग्युलेटर आहे ना, तो अल्टरनेटरचा आहे. माझ्या गाडीला जुना डायनॅमो आहे. तेवढा एक परत घ्याल का?”

मी खुर्ची ओढून बसलो. घसा साफ केला.

“लावून बघितलात का?”

“हो… म्हणजे, एकदाच.”

“मग कठीण आहे,” मी म्हटलं. “इलेक्ट्रिकल आहे तो. पण या तुम्ही रविवारी. डब्यात बघू, दुसरं काहीतरी घेऊन जा, अ‍ॅडजस्ट करू.”